तालुक्याच्या फुलप्रदर्शनात ऑर्किडचे गट कसे पाडायचे? नोंदणी कशी लावायची?

बोडीकाठची
नमस्कार मंडळी. आमच्याकडे ब्रह्मपुरीच्या बाजूला दर फेब्रुवारीत फुलझाडांचं प्रदर्शन भरते. गुलाब, शेवंती, डेलिया, कुंडीतली वांगी-मिरच्या, झालंच तर रांगोळी, असा मामला. यंदा ऑर्किडचा वेगळा विभाग करायचं कमिटीनं ठरवलं आणि नोंदणीचं टेबल माझ्या गळ्यात घातलं, कारण काय तर "ताईकडे ऑर्किड आहेत". कमिटीतल्याच एका भाऊंनी कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या सोसायटीचं शेड्यूल आणून दिलं, त्यात पन्नासच्या वर गट. सिंबिडियम स्टँडर्ड वेगळं, सिंबिडियम मिनिएचर वेगळं, लेडीज स्लिपरमध्ये एका दांड्याला एक फूल वेगळं आणि जास्त फुलं वेगळं. आमच्या तालुक्यात सिंबिडियम फुलवणारा कोणी असेल तर मी त्याच्या पाया पडायला जाईन. इकडे लोकांकडे आहे काय तर निम्म्याहून जास्त डेंड्रोबियम, मग फॅल (म्हणजे फॅलेनॉप्सिस), थोडे व्हँडा-मोकारा, दोन-चार ऑन्सिडियम आणि कोणाकडे एखादं कॅटलिया. सगळ्या मिळून साठ-सत्तर कुंड्या येतील असा अंदाज आहे, आणि बहुतेकींना नावाची पट्टीच नाही. तर गट किती ठेवू, बिननावाचं झाड घ्यायचं की नाही, आणि कोणतं झाड कोणत्या गटात जाईल हे ठरवायचं कोणी, मालकानं, मी की जज लोकांनी? फॉर्म छापायला टाकायचे आहेत. लांब लिहिलं तरी चालते.

गच्चीवाला_नागपूर
एवढं कशाला डोकं लावता ताई, लहान फूल, मध्यम फूल, मोठं फूल, तीन गट आणि विषय संपला. बघायला येणाऱ्याला काय घेणं आहे जात-पोटजातीचं.

पवनीकर
गच्चीवाले भाऊ, बघणाऱ्याला घेणं नाही हे खरं, पण बक्षीस न मिळालेल्याला असते ना. फुलाच्या आकारावर गट पाडले की फॅलच्या शेजारी कॅटलिया येते आणि जजनं तुलना कशाची करायची? फॅलमध्ये फुलाची गोलाई बघतात, पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या, मधे फट नको, फूल सपाट, आणि दांड्यावर सगळी फुलं एका अंगाला तोंड करून ओळीनं बसलेली. कॅटलियात ओठाची, म्हणजे खालच्या वेगळ्या पाकळीची, झालर, रंग आणि पाकळ्यांचा भरदारपणा. व्हँडात दांडा सरळ आणि फुलं चहूबाजूंनी बसलेली. ऑन्सिडियमचं एक एक फूल बोटाच्या पेराएवढं, पण फांदीवर शेकड्यानं, तिथं फांदीची ठेवणच बघावी लागते. प्रत्येकाची फूटपट्टी वेगळी म्हणून गट नात्यावर पाडतात.

ताई, मी दोन-तीन शहरांतल्या शोमध्ये जजच्या मागे वही घेऊन फिरायचं काम केलं आहे त्यावरून सांगतो. शेड्यूल छोटं छापा. फॅल, डेंड्रोबियम, व्हँडा आणि त्याचे भाऊबंद, कॅटलिया आणि त्याचे भाऊबंद, ऑन्सिडियम आणि त्याचे भाऊबंद, लेडीज स्लिपर, आणि शेवटी "बाकी सर्व". झालं. आता फॅल हे शास्त्रानं बघितलं तर व्हँडाच्याच खटल्यातलं, पण ते येते इतकं की सगळीकडे त्याचं घर वेगळं मांडून देतात, तेच बरं पडते. मोकारा व्हँडात जाईल, कारण ते एरॅक्निस, एस्कोसेंट्रम आणि व्हँडा या तिघांचं मिळून केलेलं आहे.

आणि फॉर्मवर एक ओळ ठळक छापा, "आलेल्या नोंदी पाहून गट फोडण्याचा किंवा जोडण्याचा अधिकार समितीकडे राहील". ही ओळ असली की बाकीचे चाळीस गट छापायची गरजच नाही. त्या सकाळी डेंड्रो तीस आले तर फोडा, पांढरे एकीकडे, जांभळे-गुलाबी एकीकडे, पट्ट्याचे आणि दोन रंगांचे एकीकडे. कॅटलिया एकच आलं तर ते एकटं बसवून पहिलं बक्षीस देऊ नका, "बाकी सर्व" मध्ये ढकला. मोठ्या शेड्यूलचा तोटा हाच असते की रिकाम्या गटात एकटी कुंडी येते, पहिला नंबर घेऊन जाते, आणि तिकडे पंचवीस फॅलमधलं चांगलं झाड चौथं येऊन हात हलवत घरी जाते.

गट ठरवायचं काम नोंदणीच्या टेबलाचं, म्हणजे तुमचं. मालक आपल्या झाडाला जिथं गर्दी कमी तिथं टाकून बघतो, साहजिक आहे. आणि जजनं गट ठरवला तर तो बक्षीसही त्याच तोंडानं देणार, मग भांडण. टेबलानं गट ठरवला, टेबल बंद झालं, त्यानंतर कोणाचं काही ऐकायचं नाही. फक्त जजना एक मुभा द्या, चुकीच्या गटात झाड दिसलं तर ते तुम्हाला सांगतील आणि हलवायचं तुम्ही, त्यांनी स्वतः नाही.

वरुडचा_संत्रावाला
म्हणजे ताई आता तहसीलदार झाल्या, फेरफार त्यांच्याच सहीनं 😀

चिखलदरा_थंड
बोडीकाठची ताई, माझं सिंबिडियम फुलते हो, दरवर्षी. या पाया पडायला 😀 आमच्याकडे उंची हजार-अकराशे मीटर, दिवाळीनंतर रात्री गार होतात आणि सिंबिडियमला दांडा धरायला तेवढंच लागते. खाली तुमच्याकडे पानं छान येतील, फूल नाही. पण मेळघाटातून ब्रह्मपुरीला एसटीनं कुंडी आणायची म्हणजे दांडा वाटेतच जाईल, तेव्हा तुमचा गट रिकामाच राहणार.

एक महत्त्वाचं राहिलं. झाड मालकाकडे किती दिवसांपासून आहे ही अट टाका. बऱ्याच ठिकाणी सहा महिन्यांची असते. नाहीतर आदल्या दिवशी नागपुरातून फुललेलं फॅल आणायचं आणि दुसऱ्या दिवशी बक्षीस घ्यायचं, हे होते.

गच्चीवाला_नागपूर
सिद्ध कसं करणार? बिल मागणार का लोकांना रांगेत?

चिखलदरा_थंड
बिल कशाला, झाड बोलते. दुकानातलं ताजं फॅल असेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत बसलेलं, मधे नर्सरीतली मॉसची नाहीतर कोकोपीटची गुंडी, पानं सगळी एकसारखी, दांडा प्लास्टिकच्या क्लिपांनी काडीला धरलेला. तुमच्या उन्हाळ्यातून निघालेलं फॅल असं दिसतच नाही. त्याच्या खालच्या एखाद्या पानावर उन्हाचा डाग असते, मुळ्या कुंडीच्या बाहेर पडलेल्या, आणि उन्हाळ्यात निघालेलं पान आखूड, पावसाळ्यातलं लांब. अर्थात हा काही कोर्टातला पुरावा नाही, फॉर्मवर सही घ्यायची आणि विश्वास ठेवायचा.

मोहाखालचा
जय जोहार सगळ्यायले. मी कुरखेड्याकडचा. आमच्या इकडं मोहाच्या, आंब्याच्या झाडाले लय लटकून राह्यते थे, जाड लांब पानाचं, पांढऱ्या मोठ्या मुळ्या, फूल खाकी रंगाचं त्याच्यावर चौकटी चौकटी अन् जीभ निळी-जांभळी, वास असा येते का बाप्पा उभं राहावं वाटते. वैदू लोक मुळ्या घेऊन जातेत रास्ना म्हून. ते बी ऑर्किडच हाये म्हणते आमचा पोरगा. मंग थे आणलं तं चालते का? नर्सरीवाल्यायचे विकतचे फुलं अन् आमचं जंगलाचं एका टेबलावर बसवान तं आमचा नंबर कधी लागन?

बॉटनीवाली_मॅडम
मोहाखालचे दादा, ते व्हँडा टेसेलाटा. तुमचा मुलगा बरोबर सांगतो, ऑर्किडच आहे, आणि बांडगूळही नाही, झाडाचा रस पीत नाही, फक्त सालीवर बसते. (ताई, तुमच्या टेबलावर कोणीतरी आंब्यावरचं खरं बांडगूळ ऑर्किड म्हणून घेऊन येईलच, तयारी ठेवा. त्याची फांदी आंब्याच्या फांदीतून फुटलेली असते, ऑर्किडच्या मुळ्या वरून चिकटलेल्या असतात, लगेच कळते.)

पण तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. एक, जातिवंत (म्हणजे निसर्गात मिळते तशी मूळ जात) आणि संकर (म्हणजे माणसानं दोन जाती मिळवून केलेलं) एकमेकांसमोर बसवू नयेत हे अगदी खरं. संकर मुद्दाम गोल, मोठ्या, भडक फुलांसाठी पैदास केलेले असतात. जातिवंताचा गट स्वतंत्रच हवा, तिथं त्या जातीचं फूल जसं असायला हवं तसं ते किती चांगलं आहे हे बघायचं, फॅलची गोलाई तिथं शोधायची नाही.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. जंगलातून काढून आणलेलं झाड स्पर्धेत घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात जंगलातली झाडंच नाही तर वेली, गवत, शेवाळसुद्धा वनोपजात मोडते, तेव्हा राखीव जंगलातून काढलं तर ते बेकायदाच. आणि कायदा सोडा. ऑर्किडचं बी धुळीसारखं, त्यात रोपाला पुरेल असा साठाच नसते, विशिष्ट बुरशी मिळाली तरच उगवते, मग फुलायला काही वर्षं. एकदा बक्षीस लागलं की पुढच्या वर्षी पन्नास मोहांवरून पन्नास झाडं ओरबाडून येतील.

मोहाखालचा
मॅडम, पण माया स्वतःच्या धुऱ्यावर मोह हाये, माया आजानं लावलेला, त्याच्यावर हाये थे. जंगल नाई. मी थे काढून नाई आणत, पण काढलं तं चोरी कशी?

पवनीकर
दादांचं म्हणणं रास्त आहे. स्वतःच्या धुऱ्यावरचं आणि जंगलातलं यात फरक करायलाच पाहिजे. पण एक व्यवहाराचं सांगतो, मुद्दा आपोआप सुटतो का बघा. टेसेलाटाचा मोठा बहर उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडाशी. सीतेची वेणी, म्हणजे रिंकोस्टायलिस रेट्युसा, ती मे-जूनला. फेब्रुवारीत यातलं काहीच नीट फुललेलं मिळणार नाही. प्रदर्शनाची तारीख गुलाब-डेलियाच्या सोयीनं ठरलेली आहे आणि त्या तारखेला देशी जातिवंतांचा गट छापला तरी रिकामाच राहणार.

मोहाखालचा
मंग आमचं नावच नाई ना या कार्यक्रमात. दरवर्षी तुमी फेब्रुवारीत करसान अन् दरवर्षी आमचं फुलन जूनमंधी.

बॉटनीवाली_मॅडम
हे मात्र दादांचं खरं आहे आणि मला आधी सुचलं नव्हतं. तारीख हीसुद्धा एक वर्गवारीच झाली, कोणाला आत घ्यायचं ते तीच ठरवते. यावर्षी एवढं करता येईल का ताई, की एक टेबल "स्पर्धेसाठी नाही, पाहण्यासाठी" असं ठेवायचं, तिथं धुऱ्यावरच्या झाडांचे जागेवरच काढलेले फोटो, झाड कशावर आहे, केव्हा फुलते, गाव कोणतं. झाड जिथल्या तिथं राहील आणि दादांचं नावही लागेल. आणि जमलं तर पावसाच्या सुरुवातीला एक छोटी बैठक वेगळी.

वरुडचा_संत्रावाला
फोटोंच्या टेबलाला माझा पाठिंबा. माझ्याकडे ऑर्किड नाही, फक्त संत्रा आहे, पण कागद चिटकवायला येतो.

आणि ते विकतचं आणि घरचं यावर एक बोलतो. शंकरपटात कसं असते, जनरल गट वेगळा आणि गावगट वेगळा. बाहेरून ट्रकमधून उतरलेल्या जोडीसमोर गावच्या वखराच्या बैलाला पळवत नाहीत. इथं बी तेच करा. नर्सरीवाले आणि जुने खेळाडू एकीकडे, पहिल्यांदा आणणारे एकीकडे.

पवनीकर
संत्रावाले भाऊ बरोबर बोलले, नवशिक्यांचा गट सगळीकडे असते. पण तो आडवा गट आहे हे लक्षात घ्या. म्हणजे नवशिक्यात परत फॅल, डेंड्रो, व्हँडा असं केलं की चौदा गट झाले आणि आपण परत त्या पन्नासच्या शेड्यूलकडे निघालो. नवशिक्यांचा एकच गट, सगळे प्रकार मिळून, जो आधी कुठंच बक्षीस घेतलेला नाही तो. एक झाड एकाच गटात, दोन्हीकडे नाही. नर्सरीवाल्यांना स्पर्धेबाहेर ठेवा, त्यांना स्टॉल द्या, त्यातून मंडपाचे पैसे तरी निघतात.

बोडीकाठची
वाचून राहिले मी सगळं. बिननावाच्या झाडाचं काय ते सांगा. आणि काही लोकांकडे जुन्या पट्ट्या आहेत, एकावर एस्कोसेंडा लिहिलं आहे, दुसऱ्यानं तेच नेटवर बघून व्हँडा केलं. एकीच्या कॅटलियावर बीएलसी लिहिलं आहे, नर्सरीवाला म्हणतो आरएलसी. मी कोणतं लिहू?

बॉटनीवाली_मॅडम
दोन्ही पट्ट्या आपापल्या काळात बरोबर होत्या. एस्कोसेंट्रम ही जात-मंडळी व्हँडात मिळवली गेली, म्हणून त्या दोघांचा संकर एस्कोसेंडा आता व्हँडाच झालं. मोकाराचंही कागदोपत्री एरांडा होते त्याच कारणानं, पण बाजारात अजून मोकाराच म्हणतात. ब्रासाव्होला डिग्बियाना हे रिंकोलेलियात गेलं, तेव्हा त्याच्यापासून झालेल्या बीएलसींतले (ब्रासोलेलियोकॅटलिया) कितीतरी आरएलसी (रिंकोलेलियोकॅटलिया) झाले. आणि डोरिटिनॉप्सिस लिहिलेली जुनी पट्टी दिसली तर ती सरळ फॅलमध्ये टाका.

संकरांच्या नावाचा शेवटचा शब्द लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा. आधी ही यादी सँडर नावाच्या ऑर्किडवाल्याच्या घरची होती, १९६१ पासून नोंद त्या सोसायटीकडे आहे, आणि ती ऑनलाइन फुकट शोधता येते. झाडाचं नाव टाकलं की आई-बाप दिसतात. माणसानं केलेला पहिला ऑर्किड संकर १८५६ मध्ये फुलला, कॅलँथे डोमिनियाय. तेव्हापासूनचा पसारा आहे, त्यामुळे पाठ असायची अपेक्षा कोणाकडूनच नसते.

पण ताई, टेबलावर सकाळी साडेआठला मोबाईल घेऊन हे शोधत बसू नका. गटासाठी फॅल, डेंड्रो की व्हँडा एवढी मंडळी कळली तरी पुरे. मालक जे नाव सांगेल ते जसंच्या तसं कार्डावर, नाव नसेल तर "फॅल, संकर, नाव माहीत नाही". अंदाजानं नाव मात्र ठोकू देऊ नका. जांभळं डेंड्रो दिसलं की लोक नेटवरचा मिळताजुळता फोटो बघून नाव चिकटवतात, मग तेच पुढच्या माणसाला फुटव्यासोबत जाते. कोणतं झाड आहे हे आठवत नसलेला माणूस खोट्या पट्टीवाल्यापेक्षा बरा.

गच्चीवाला_नागपूर
बरं मान्य, माझे तीन गट रद्द. पण जज कोण आहेत? आमच्याकडे एकदा बोलावलेले पाहुणे सगळ्यात मोठ्या कुंडीला पहिला नंबर देऊन निघून गेले, चहा पण नाही घेतला.

बोडीकाठची
कृषी खात्यातून एक निवृत्त साहेब, कॉलेजच्या एक मॅडम आणि एक नागपूरचे हौशी गृहस्थ. ऑर्किड नीट माहिती फक्त त्या गृहस्थांना.

पवनीकर
मग तिघांना आदल्या दिवशी एक पान देऊन ठेवा, फुलाचा आकार-बांधणी किती गुण, रंगाला किती, आणि बाकी, म्हणजे फुलाचं माप, पाकळीचा जाडपणा, दांड्याची ठेवण, फुलांची संख्या, याला किती. तीस, तीस आणि चाळीस अशी वाटणी ठेवली तर भांडायला जागा कमी राहते.

पण गुणांचं फार मनावर घेऊ नका. अमेरिकन ऑर्किड सोसायटी (१९२१ ची आहे) शंभरपैकी पंच्याहत्तरच्या वर गेलं तर एचसीसी, ऐंशीच्या वर एएम, नव्वदच्या वर एफसीसी अशी चढत्या दर्जाची मानचिन्हं देते, पण ती त्या झाडाच्या गुणवत्तेला असतात, ते अक्षर झाडाच्या नावामागे कायमचं लागते, आणि त्याच झाडाचा फुटवा तुमच्याकडे असला तर तुमच्या पट्टीवरही ते येते. गावच्या प्रदर्शनातलं पहिलं-दुसरं म्हणजे त्या दिवशी टेबलावर होतं त्यातलं पहिलं-दुसरं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. जजना एवढं मात्र सांगा की लायक नसेल तर पहिलं बक्षीस रिकामं ठेवायला हरकत नाही.

चिखलदरा_थंड
आणि संगोपनाचं एक बक्षीस वेगळं ठेवाच. त्याच अमेरिकन सोसायटीत संगोपनाचं मानचिन्ह झाडाला न देता वाढवणाऱ्याला देतात, मला ती पद्धत फार आवडते. खाली ४५-४६ डिग्रीत कूलरच्या मागे, दोन पदरी हिरव्या नेटखाली, दिवसातून तीनदा जमीन ओली करून ज्यानं फॅल जगवलं आणि फुलवलं त्याचं फूल थोडं लहान असेल, पण झाडाकडे बघा ना. आमच्याकडे थंडीत फुलवणं म्हणजे काहीच नाही त्याच्यापुढे. सगळ्या गटांतून एकच झाड, पानं, मुळ्या, दांड्यांची संख्या, सगळं मिळून.

मोहाखालचा
हे बक्षीस पटलं मले. मोहालेबी देसान का?

बोडीकाठची
मोहाला स्टेजवर बोलवावं लागेल दादा 😀

आता कार्डाचं सांगा पवनीकर दादा. नाव लपवायचं कसं? इकडे सगळे सगळ्यांच्या कुंड्या ओळखतात.

पवनीकर
ओळखणारे ओळखतातच, पण बाहेरच्या जजना तरी कळू नये. पोस्टकार्डाच्या मापाचं जाड कार्ड घ्या, त्याचे तीन भाग. वरच्या भागावर नोंद क्रमांक, गट आणि झाडाचं नाव. मधल्या भागावर मालकाचं नाव-गाव, तो मागे दुमडून पिन मारायची, निकाल लागल्यावर उघडायची. तिसरा भाग फाडून मालकाला पावती. तिन्हीवर क्रमांक तोच.

क्रमांक आल्या ओळीनं सरळ द्या, एक, दोन, तीन. गटाप्रमाणे देऊ नका, काही लोक फॅलला १०१ पासून, डेंड्रोला २०१ पासून देतात, दिसायला छान, पण दहा वाजता तुम्ही डेंड्रोचा गट फोडला की सगळी खाडाखोड. गट पेन्सिलनं लिहायचा, टेबल बंद झाल्यावर पेननं. रजिस्टर एकच आणि लिहिणारा हात एकच, दोघं लिहायला बसले की १७ नंबर दोघांना जातो.

टेबलाआधी एक पायरी ठेवा, दारातच. कुंडी उचलून बघायची, पानाच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण, पानामागे खवले कीड, आणि मुंग्या. मुंग्यांची ओळ कुंडीत जाताना दिसली तर आत पिठ्या आहे असं समजूनच चाला. तसलं झाड बाहेरच ठेवा, नाहीतर सत्तर कुंड्यांना वाटून घरी पाठवाल. पानांना खोबरेल किंवा चमक यायचा स्प्रे मारून आणलेलं घ्यायचं नाही हे फॉर्मवर छापा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतात ते लिंबूपाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसले तर चालते. दांड्याला काडीचा आधार चालते, फुलाला दोरा बांधून तोंड फिरवलेलं नाही.

आणि मंडपवाल्याला आजच सांगा, एक आडवा पाईप, छातीच्या उंचीवर. व्हँडाची मुळं खाली दोन-दोन हात लोंबतात, ते टेबलावर बसत नाही, लोक खुर्चीच्या पाठीला अडकवतात आणि मुळं तुडवली जातात.

वरुडचा_संत्रावाला
आणायचं कसं हे पण लिहा कोणी. आमची वहिनी साकोलीहून मोटरसायकलवर फॅल घेऊन निघाली तर पोचेपर्यंत कळ्याच राहतील.

चिखलदरा_थंड
रिकाम्या बादलीत कुंडी, भोवती पेपरचे बोळे घट्ट, दांडा दोन जागी काडीला, प्रत्येक फुलामागे कापसाचा पातळ थर. आदल्या दिवशी पाणी द्यायचं, सकाळी नाही, कुंडी जड होते आणि पाकळीवर थेंब बसला की डाग पडते. आणि फुलाच्या मधली ती पिवळी टोपी, परागांवरची, ती धक्क्यानं निघाली की फूल लवकर माना टाकते, म्हणून बोट लावायचं नाही. मोटरसायकलपेक्षा एसटीत मांडीवर बरं.

बोडीकाठची
ठीक. कमिटीसमोर ठेवते ते असं. छापायचे सातच गट, पवनीकर दादांचे, आणि फोडा-जोडायची ओळ ठळक. त्याशिवाय नवशिक्यांचा एक आडवा गट आणि संगोपनाचं एक बक्षीस. जातिवंतांचा गट या वर्षी छापत नाही, कोणी नर्सरीतलं जातिवंत फुललेलं आणलंच तर "बाकी सर्व" मध्ये घेईन आणि तीनच्या वर आले तर फोडीन. लेडीज स्लिपर कोणी आणलं तर कुठून घेतलं ते विचारणार, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात निळ्या आणि तांबड्या व्हँडासोबत त्याचंही नाव आहे, नर्सरीचं बिल असलेलं बरं. सहा महिन्यांची अट सहीवर. नोंदणी सात ते दहा, त्यानंतर आमदार घेऊन आले तरी नाही. फोटोंचं टेबल दाराजवळ ठेवणार, मागे नाही, मोहाखालचे दादा, तुमच्या मोहाचा फोटो मला मोठा छापून पाहिजे, मुलाला सांगा, मुळ्या दिसल्या पाहिजेत. जूनच्या बैठकीचं कमिटी काय म्हणते बघू, त्यांच्यातल्या अर्ध्या लोकांना तेव्हा धानाचे पऱ्हे टाकायचे असतात.

मोहाखालचा
आमाले बी टाकायचेच असते ताई. सकाळी या, नऊपर्यंत मोकळा राहतो.

गच्चीवाला_नागपूर
कळ्या असलेलं चालते का? माझं डेंड्रो फेब्रुवारीपर्यंत उघडेल असं वाटत नाही.

पवनीकर
निदान निम्मी फुलं उघडलेली पाहिजेत, नाहीतर जज काय बघणार. उघडवायला म्हणून उन्हात नेऊन ठेवू नका, कळ्या पिवळ्या पडून गळतील. आणि आत्तापासून कुंडी फिरवणं बंद करा, दांडा उजेडाकडे वळतो, सारखी फिरवली की फुलं दहा दिशांना तोंड करतात.

मोहाखालचा
अन् ते पावती हारपली तं? कुंडी परत भेटते का?

बोडीकाठची
रजिस्टरात सही जुळवून देईन. पण संध्याकाळी सहाच्या आधी एकही कुंडी हलणार नाही, पावती असली तरी. पाच वाजताच रिकामी टेबलं दिसली की उशिरा येणारे शाळेचे पोरं काय बघतील.